सेमी इंग्रजीचा शिक्षक होण्याची वाट : डी.एल.एड., टीईटी, टेट आणि ‘पवित्र’चा आढावा

दोन भाषांत शिकवणाऱ्या शिक्षकासाठी महाराष्ट्रात वेगळा परवाना नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीत शिकवायचं, बाकीचे विषय मराठीत. पण अनुदानित किंवा सरकारी शाळेत त्या वर्गावर उभं राहायचं तर इतर सगळ्यांसारखंच डी.एल.एड. (शिक्षक पदविका), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीच्या गुणवत्ता यादीसाठीची चाचणी) आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) या चार टप्प्यांतून जावं लागतं. हा आढावा या चारही टप्प्यांचा आहे, आणि तो फक्त सेमीकडे डोळा ठेवून तयारी करणाऱ्यांसाठी.

निकाल आधीच सांगून टाकतो. पात्रता चाळण्याचं काम ही व्यवस्था बऱ्यापैकी करते. उमेदवाराला दोन भाषांत शिकवता येतं का, हे मात्र ती एकाही टप्प्यावर विचारत नाही. आणि सेमीचे उमेदवार अभ्यासक्रमापेक्षा ‘माध्यम’ या एका रकान्यावर जास्त अडतात.

सुरुवात पदविकेपासून. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. म्हणजे लोकांच्या तोंडची डी.एड. लागते. बी.एड.वर प्राथमिकला लागता येईल ही आशा आता सोडावी. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-शिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, २०१८ च्या अधिसूचनेने ती वाट उघडली होती, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ती बंद केली. तरीही काही क्लासवाले बी.एड.धारकांकडून टीईटीच्या पेपर एकच्या बॅचची फी घेतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आपली पदवी कोणत्या इयत्तांसाठी चालते ते स्वतः पाहा. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालतं. सेमीच्या दृष्टीने खरी गरज याच गटात आहे, कारण गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवू शकणारा बी.एस्सी. उमेदवार शाळांना सहज सापडत नाही.

अध्यापक विद्यालय निवडताना फीच्या आधी दोन प्रश्न विचारा. एनसीटीईची मान्यता आपल्या तुकडीच्या वर्षाला लागू आहे का? आणि आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावासाठी, विद्यार्थ्यांना कोणत्या शाळांत पाठवतात? दोन वर्षांत एकदाही सेमीच्या वर्गावर पाठ घ्यायला मिळणार नसेल तर ती पदविका तुमच्या कामाची अर्धीच. पदविकेचं माध्यमही प्रवेशाच्या वेळीच ठरतं आणि नंतर बदलत नाही. पवित्र पोर्टलवर दहावी, बारावी आणि व्यावसायिक पात्रता या तिन्हींचं माध्यम भरावं लागतं, आणि तिथे ‘मला इंग्रजी चांगलं येतं’ याला काही किंमत नसते.

आता टीईटी. ही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३०. पेपर दोनमध्ये पहिले तीन भाग तसेच, उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांतल्या एका गटाला. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के, म्हणजे हिशेबाने ८२.५, तेव्हा ८३ धरूनच चालावं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल कोरा सोडण्यात शहाणपण नाही.

परीक्षा वाटते तितकी सोपी नाही. २०२४ चा निकाल साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. प्रश्न भयंकर अवघड असतात म्हणून असं होतं, हे अर्धसत्य आहे. बहुतेकांचा घोळ वेळेत होतो. गणिताच्या तीस प्रश्नांवर पाऊण तास जातो, आणि शेवटचे परिसर अभ्यासाचे प्रश्न न वाचता रंगवले जातात. नव्वदचा आराखडा उलटा मांडून पाहा : भाषा एकमध्ये २२, भाषा दोनमध्ये १९, बालमानसशास्त्रात १८, परिसर अभ्यासात १७ आणि गणितात फक्त १४. झाले नव्वद. गणितात निम्मेसुद्धा नको आहेत. दोन्ही भाषांत मात्र पाय घसरला तर ते गुण दुसरीकडून भरून निघत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा : आधी दोन्ही भाषा, मग बालमानसशास्त्र, परिसर अभ्यास, आणि गणित शेवटी. उत्तरपत्रिकेवर प्रश्नपुस्तिकेचा संच क्रमांक पेन हातात घेतल्या घेतल्या रंगवा. तो चुकला तर पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच उत्तरसूचीने तपासली जाते.

भाषेच्या जोडीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. भाषा एक मराठी घेतली तर भाषा दोन इंग्रजी, आणि भाषा एक इंग्रजी घेतली तर भाषा दोन मराठी. एनसीटीईच्या फेब्रुवारी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भाषा एक म्हणजे शिकवण्याच्या माध्यमाची भाषा, आणि त्यात त्या भाषेवरचं प्रभुत्व तपासायचं. सेमीचे बरेच उमेदवार ‘इंग्रजीत शिकवायचंय’ म्हणून भाषा एक इंग्रजी घेतात. यात गफलत आहे. सेमीची शाळा ही मुळात मराठी माध्यमाची शाळा असते. दहावी आणि पदविका दोन्ही मराठीतून झाली असेल तर भाषा एक मराठीच ठेवा. दोन्ही इंग्रजीतून असतील तर इंग्रजी. कागदपत्रं एका बाजूला आणि टीईटी दुसऱ्या बाजूला, अशी खिचडी नंतर निस्तरत बसावी लागते.

परीक्षेच्या विश्वासार्हतेवर बोलणं भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीत गैरप्रकार उघड झाले आणि २०२२ मध्ये ७,८७४ उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हापासून केंद्रावरची तपासणी कडक झाली आहे. ओळखपत्रावरचं नाव आणि प्रवेशपत्रावरचं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे. प्रमाणपत्र मात्र आता आजन्म वैध असतं. सात वर्षांची जुनी मुदत एनसीटीईने २०२१ मध्ये काढली, तीही मागल्या तारखेपासून, त्यामुळे आधी उत्तीर्ण झालेल्यांनी पुन्हा बसायची गरज नाही.

दुसरा पर्याय सीबीएसईची सीटीईटी, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा. पवित्रला ती चालते. तिच्या वीस भाषांत मराठी आहे, पण बाकीचे विभाग हिंदी आणि इंग्रजीत येतात. फी खुल्या गटाला एका पेपरला १,००० आणि दोन्हींना १,२०० रुपये. इंग्रजीतून पदविका केलेल्यांनी ती जरूर द्यावी. फक्त परिसर अभ्यासाला बालभारतीवर विसंबू नका, तिथे एनसीईआरटीची पुस्तकं लागतात. राज्याच्या टीईटीसाठी नेमकं उलट.

आणि आता या दोन्ही परीक्षांमधली खरी उणीव. दुसरीच्या सेमीच्या वर्गात मुलाला ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगा. बरीच मुलं ३६ लिहितात, कारण कानावर आधी तीन पडतो आणि मग साठ. तेच मूल इंग्रजीत ‘सिक्स्टी थ्री’ ऐकून ६३ बरोबर लिहितं. ‘एकोणसत्तर’ला तर नऊचा पत्ताच लागत नाही, सत्तर ऐकू आलं की पोर ७१ किंवा ७९ लिहून मोकळं. बालभारतीने २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन सुचवलं तेव्हा त्यावर गदारोळ झाला, पण अडचण खोटी नव्हती. सेमीच्या शिक्षकाला रोज हेच सोडवावं लागतं. त्याची रीत ठरलेली आहे. आधी काड्या : दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्ट्या. मग अंक. मग मराठी नाव. इंग्रजी नाव सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही नावं त्याच गठ्ठ्यांकडे बोट दाखवून. आधी इंग्रजी नाव पाठ करून घेतलं तर मूल पाढ्यासारखं म्हणतं, पण गठ्ठे मोजायला दिले की गडबडतं. शाब्दिक उदाहरणांत असाच दुसरा खड्डा : ‘हाऊ मेनी मोअर’ दिसलं की मुलं बेरीज करतात, कारण ‘मोअर’ म्हणजे जास्त एवढंच त्यांना माहीत असतं. तिथे वजाबाकी आहे हे आधी मराठीत, ‘कितीने जास्त’ असं विचारून उलगडावं लागतं. यातलं काहीही टीईटीत विचारलं जात नाही. भाषा वेगळी तपासतात, गणित वेगळं तपासतात, आणि सेमीचा वर्ग तर या दोन्हींच्या मधल्या जागेत भरतो.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, हा निराळा प्रकार आहे. संगणकावर २०० प्रश्न, १२० मिनिटं. प्रश्नाला ३६ सेकंद. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. इथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, मिळालेल्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते. मराठी आणि इंग्रजी दोन्हींची भाषिक क्षमता यात येते, ही सेमीवाल्यांसाठी जमेची बाजू. तक्रार वेळापत्रकाची आहे. पहिली टेट २०१७ ला, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. नियमित वार्षिक परीक्षा समजून तयारी आखली तर फसगत होते. टेटची तयारी टीईटीबरोबरच सुरू ठेवा आणि सराव कागदावर करू नका. कागदावर पन्नास सेकंदांत सुटणारी क्रमश्रेणी पडद्यावर, कच्चं काम बाजूच्या कागदावर करताना, सत्तर सेकंद घेते.

पवित्र पोर्टल ही कल्पना म्हणून चारांतली सगळ्यात चांगली गोष्ट. भरती गुणांवर, यादी सगळ्यांना दिसते, संस्थाचालकाच्या दारात फेऱ्या मारण्याची गरज कमी झाली. वापरायला मात्र ते प्रेमळ नाही. आधी स्वप्रमाणपत्र, म्हणजे आपल्या पात्रतेची माहिती, भरायचं. त्यात चूक राहून ते प्रमाणित झालं की दुरुस्तीसाठी शिक्षण विभागाचे उंबरठे झिजवावे लागतात. मग जिल्हा परिषदा, महापालिका आणि खासगी अनुदानित संस्थांच्या जाहिराती येतात. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणात येतं याची नोंद, तपासून झाल्याशिवाय जाहिरात निघत नाही, उशिराचं मोठं कारण तेच. त्यानंतर पसंतीक्रम भरून लॉक करायचे, मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे वेगवेगळे. मुलाखतीसहच्या पदांना संस्थेत पाठही घेऊन दाखवावा लागतो. सेमीच्या उमेदवाराने तिथे इंग्रजी फाडफाड बोलून छाप पाडण्याच्या भरीस पडू नये. दोन्ही भाषांत हलणारा गणिताचा छोटा पाठ जास्त काम करतो.

पसंतीक्रमाबद्दल एक चुकीची समजूत फार पसरली आहे : ‘मिळण्यासारखं आहे ते वर ठेवा.’ असं अजिबात करू नका. यंत्रणा गुणवत्तेच्या क्रमाने चालते आणि तुमच्या गुणांना मिळू शकणारा सगळ्यात वरचा पसंतीक्रम तुम्हाला देते. वरचा क्रम मिळाला नाही म्हणून खालच्या क्रमावरचा हक्क जात नाही. तेव्हा हवी ती शाळा वर, नको ती यादीतच नको. प्रत्येक पदासमोरचं माध्यम मात्र लॉक करण्याआधी पुन्हा एकदा वाचा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त माणसं पडतात ती नावामुळे. लग्नानंतर बदललेलं नाव, त्याचं राजपत्र नाही, टीईटीवर एक आणि पदविकेवर दुसरं. दुसरा नंबर नॉन-क्रीमीलेअरच्या तारखेचा. जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला ते वैध असावं लागतं, नंतर काढलेलं चालत नाही. समांतर आरक्षणाचे दाखले, उदाहरणार्थ प्रकल्पग्रस्त किंवा अंशकालीन, फॉर्म भरण्याआधी हातात हवेत.

पैशांचं गणित सरळ सांगतो. निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिक आणि उच्च प्राथमिकला १६,००० रुपये. १ जानेवारी २०२३ पासून हा आकडा लागू झाला, त्याआधी ६,००० होते. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी, २९,२०० मूळ वेतनापासून. सेमी शिकवण्याचा वेगळा भत्ता नाही, म्हणजे जादा कौशल्य फुकटात. घरापासून दूरचा जिल्हा मिळाला तर भाडं आणि प्रवास यांतच मानधनाचा मोठा भाग जातो, म्हणून पसंतीक्रम भरताना जिल्ह्याचं नाव या हिशेबानेही पाहावं.

आधीच नोकरीत असलेल्यांसाठी वेगळी सूचना. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीसाठी सूट आहे, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागेल. सेमीच्या तुकडीवर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनी पेपर एक की दोन हे सध्या कोणता वर्ग घेतो यावर न ठरवता, नेमणूक आदेशात कोणत्या गटाचं पद लिहिलंय ते काढून पाहावं आणि मगच फॉर्म भरावा.