आज्जीचा हात माझ्या दंडावर, म्हणजे कोथरूडमध्ये केलेल्या ब्लॅक अँड ग्रे टॅटूचा रिव्ह्यू

टॅटू कुठे केलास, किती घेतले, दुखलं का, हे गेल्या दोन महिन्यांत इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. स्टुडिओचं नाव मात्र लिहीत नाही कारण तिथला टॅटूवालाच म्हणाला, ताई आधीच दोन महिन्यांचं वेटिंग आहे, अजून फोन नकोत, ज्यांना खरंच करायचंय त्यांनाच नंबर द्या. मूळचा सोलापूरचा आहे पण गिऱ्हाईक परत पाठवण्यात पक्का पुणेकर झालाय. कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत हार्डवेअरच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंगच्या नावाने बोंब, आणि टॉयलेट खालच्या मजल्यावर कॉमन. पाच-पाच तास बसायचं असतं तिथे हे आधी माहीत असलेलं बरं.

मी एवढी चिकित्सा का केली त्याला कारण आहे. कॉलेजात असताना मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीक शब्द करून घेतला होता, कुठे ते सोडा, ५०० रुपयात आणि दहा मिनिटात झाला होता. वर्षभरात अक्षरं अशी पसरली की टीपकागदावर शाईपेन टेकवून विसरावं तशी. त्याला ब्लोआउट म्हणतात हे मला आत्ता या माणसाने सांगितलं, सुई गरजेपेक्षा खोल गेली की शाई खालच्या चरबीच्या थरात उतरते आणि तिथे तिला धरून ठेवायला काही नसतं. शाई बसायची जागा वरच्या कातडीच्या लगेच खाली, एक-दोन मिलिमीटरवर, बस. त्याने माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्याने कातडी ताणून बघितली आणि म्हणाला, "हे असूदे, याच्यावर झाकायला काही काढलं तर अजून मोठा डाग होईल." म्हणजे पहिल्याच भेटीत एका कामाला नाही म्हणाला, तिथेच मला तो आवडला.

मला करायचा होता आज्जीचा हात. आईची आई, सासवडकडची. मामाकडे एक जुना फोटो आहे, आज्जी सुपात तांदूळ निवडतेय, चेहरा फ्रेमच्या बाहेर गेलाय आणि मध्ये फक्त तिचा उजवा हात, काचेच्या बांगड्या आणि मनगटाच्या वर गोंदलेली छोटी तुळस आणि शेजारी ठिपके. ते गोंदण लहानपणी जत्रेत गोंदणाऱ्या बाईकडून झालं होतं, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या आणि काजळी, आणि मोबदल्यात पसाभर ज्वारी. आज्जी सांगायची दोन बायांनी धरून ठेवलं होतं म्हणून. आपल्याकडे म्हणतातच, बाकी दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं.

तर मी फोटो घेऊन गेले आणि म्हणाले तीन इंचात बसव, दंडावर, बाही खाली घेतली की झाकला जाईल एवढा. तो फोटोकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला नाही होणार. तीन इंचात बोटांच्या सुरकुत्या, बांगड्या आणि तुळस कोंबली तर आज फोटो झकास येईल, दहा वर्षांनी चहाचा डाग दिसेल, कारण शाई थोडी थोडी पसरतेच, कुणीही केली तरी. एकतर सहा-साडेसहा इंच कर नाहीतर नुसती तुळस कर. मी घासाघीस केली, भाजी घेताना करतो तशी, पाच इंच म्हणाले. ऐकला नाही.

आणि मग त्याने जे दाखवलं ते कुणीही टॅटू करायला जाण्याआधी बघायलाच हवं. इन्स्टावर सगळे ताजे टॅटू टाकतात, मशीन खाली ठेवल्या ठेवल्या काढलेले, तेव्हा काळा कुळकुळीत दिसतो आणि प्रत्येकजण कलाकार वाटतो. याच्याकडे वेगळा फोल्डर आहे, एक वर्ष, तीन वर्ष, पाच वर्ष झालेल्या कामांचा, आणि त्यातले बहुतेक हात आपल्यासारखेच सावळे. त्याचं म्हणणं असं की ब्लॅक अँड ग्रेमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईच्या गडद-फिक्या छटांत, पांढरा रंग म्हणजे आपली कातडीच, आणि ती गोरी नसली की फिक्या करड्या छटा सहा महिन्यात कातडीत विरघळून जातात, मग परदेशी फोटो बघून तसंच मऊ मऊ शेडिंग केलेला टॅटू धुरकट होतो. म्हणून गडद जागा छातीठोकपणे गडद करायची आणि उजेडाची जागा मोकळी सोडायची, तिथे सुई लावायचीच नाही. तो पांढरी शाईसुद्धा वापरत नाही, म्हणतो आपल्या अंगावर ती काही दिवसांनी पिवळट पडते. माझ्या मैत्रिणीच्या टॅटूत आहे ती, खरंच हळद सांडल्यासारखी दिसते.

तारीख दिवाळीनंतरची घेतली. मी ऑगस्टमध्ये करायच्या मूडमध्ये होते पण त्याने परत नाही म्हटलं, पावसात जर्किनची ओली बाही दिवसभर घासते, आणि वर मी ढोलपथकात, सरावाचा घाम, दोरी, धूळ, दोन-तीन आठवडे तरी हे सगळं बंद ठेवावं लागतं आणि गणपतीच्या आधी ते कोण ठेवणार. ॲडव्हान्स २,००० घेतले. फोनवर विचारलं शुगर आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, जखम झाली की वण फुगतो का. आणि नीट जेवून ये, उपाशी येऊ नको, हे आईसारखं दोनदा बजावलं.

आता त्या दिवसाची तक्रार करून घेते. ११ ची वेळ होती, मशीन सुरू झालं दुपारी सव्वा वाजता. आधीच्या माणसाचं काम लांबलं वगैरे ठीक आहे पण एक मेसेज टाकायला काय जातं? तेवढ्यात खाली माझी गाडी टोइंगवाल्यांनी उचलली ती वेगळीच स्टोरी. एसी इतका गार की मी स्टोल गुंडाळून बसले.

स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा चित्राचा छाप, लावताना मात्र माणूस एकदम वेगळा. डिस्पोजेबल रेझरने लव काढली, स्टेन्सिल लावलं, मला आरशासमोर उभं केलं, हात खाली सोडायला लावला, मग बघून पुसून टाकलं. परत लावलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा बसलं. कारण हात वर धरला तर बोटं सरळ दिसत होती आणि खाली सोडला की दंडाच्या गोलाईवर अंगठा वाकत होता, आणि दिवसभर माझा हात खालीच असतो ना. सुयांचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, त्यावरची तारीख स्वतःहून दाखवली.

मग त्याने ट्रेवर शाई ठेवायच्या चार छोट्या टोप्या मांडल्या, मला वाटलं चार शाया असतील. एकच शाई. पहिल्या टोपीत निव्वळ काळी, दुसरीत निम्मं डिस्टिल्ड वॉटर, तिसरीत काळीचे दोन-तीन थेंब, आणि चौथीत तर नुसतं पाणी ज्याला काळ्याचा वास लागलाय. याला ग्रे वॉश म्हणतात, आणि माझ्या दंडावर जे काही दिसतंय, म्हातारी कातडी, काच, तांदळाचे दाणे, ते सगळं या चार टोप्यांतून आलंय. बाह्यरेषा त्याने जवळजवळ काढलीच नाही, फक्त बांगड्यांच्या कडांना बारीक सुई लावली, बाकी सगळं रुंद सुयांच्या गटाने हळूहळू घासत सावली चढवत नेलं.

बोलतो फार कमी. दोन तासांनी मीच विचारलं हे ब्लॅक अँड ग्रे आलं कुठून तेव्हा गाडी सुरू झाली. अमेरिकेतल्या तुरुंगातून आलंय म्हणे, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या कैद्यांकडून, आत रंग मिळायचे नाहीत, मिळायची ती काळी शाई, मग टेपरेकॉर्डरची मोटर आणि गिटारची तार घासून केलेली एकच सुई. ते तुरुंगातलं काम दुकानात आणलं ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये १९७५ साली चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी, त्यांचं गुड टाइम चार्लीज टॅटूलँड, आणि नंतर फ्रेडी नेग्रेटे त्यांना जाऊन मिळाला जो स्वतः तसाच आत शिकून आला होता. मी म्हटलं म्हणजे आमच्या आज्जीच्या गोंदणवाल्या बाईसारखंच की, असेल ती सुई आणि असेल ते काळं. तो हसला, म्हणाला, "ताई, हात हलवू नका."

दुखण्याचं विचाराल तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला फार नाही, रबरबँड सारखं मारत राहावं तसं, पण काखेकडच्या आतल्या बाजूला डोळ्यात पाणी आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर मिनिटाला पुसतात ते, चौथ्या तासाला तो टिश्यू सँडपेपर वाटायला लागतो.

सगळ्यात भारी भाग आता. टॅटूत टॅटू कसा काढायचा? आज्जीची तुळस फोटोत निळसर-हिरवी दिसते. खरं तर काजळी काळीच असते, पण कातडीखाली असल्यामुळे वरून बघताना निळी-हिरवी वाटते, आपल्या नसा वाटतात तशा. आता हाताशी रंग नाही, नुसत्या करड्या छटा. दुसरा कुणी असता तर तुळस काळ्या रेषेने ठसठशीत काढून मोकळा झाला असता. याने ती सगळ्यात शेवटी ठेवली, दुसऱ्या सिटिंगला, सहा आठवड्यांनी, म्हणजे पहिलं सगळं हील होऊन त्याची खरी छटा कळल्यावर. आणि तेव्हा तिसऱ्या टोपीतून, रेषा न ओढता ठिपके ठिपके टाकत, कुठेही पक्की कड येऊ न देता काढली. म्हणाला, "आज्जीच्या गोंदणाला कडाच नाहीत ना, साठ वर्षांत पसरलंय ते." म्हणजे जो ब्लोआउट माझ्या मनगटावर चूक होता तोच इथे याने मुद्दाम चितारला. आता बघताना बांगडी कातडीच्या वर वाटते आणि तुळस कातडीच्या आत. कसं जमलं मला खरंच माहीत नाही, मी शेजारीच बसले होते.

नंतरची काळजी सांगताना मात्र घाई केली, पारदर्शक फिल्म लावली, चार दिवस ठेवा म्हणाला आणि पुढच्या माणसाला आत घेतलं. रात्री फिल्मखाली काळं पाणी जमून गळायला लागलं, चादर गेली, मी घाबरून मेसेज केला तर उत्तर सकाळी, नॉर्मल आहे म्हणून. हे आधी एका कागदावर छापून हातात द्यायला काय हरकत आहे! पुढे दहा दिवस खपल्या, खाज, साप कात टाकतो तसे काळे पापुद्रे, मग महिनाभर वर दुधाळ साय आल्यासारखं. तिखट मेसेज टाइप करून ठेवला होता मी, बरं झालं पाठवला नाही, कारण सहाव्या आठवड्यात सगळं उघडलं. चौथ्या टोपीतलं निम्मं गेलं, जाणार हे तो आधीच म्हणाला होता. उन्हाने टॅटू उडतो म्हणतात, पण पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या बाईला सनकोटचं कोण शिकवणार. रक्तदान मात्र आता वर्षभर बंद, दर जानेवारीत करायचे मी, ते आधी डोक्यात आलं नव्हतं.

दोन सिटिंगचे मिळून १८,००० झाले, तीन महिन्यांत टचअप फुकट. महाग आहे का, तर हो. माझ्या ५०० च्या शब्दापेक्षा स्वस्त पडला असंही वाटतं.

टचअप लागणार आहे, एका बांगडीत बारीकशी जागा शाई न लागता राहिलीये. आणि दुसरं कारण आई. आठवडाभर बोलली नाही, मग एक दिवस भाजी चिरताना चष्मा लावून माझा दंड जवळ ओढला, ठिपक्यांवर बोट ठेवत मोजले आणि म्हणाली, "पाचच? सहा होते गं तिला." फोटो काढून बघितला, पाचच दिसतात. सहावा बांगडीखाली असणार. हे त्याला सांगितलं तर म्हणाला फोटोत नाही ते मी घालत नाही. मग मी आईला फोन लावून दिला. आता शनिवारी ११ ची वेळ आहे, सहावा ठिपका बांगडीच्या कडेखालून अर्धाच डोकावेल असा टाकणार आहे, आणि आई बरोबर येतेय, जागा दाखवायला.