केरी की गालजीबाग : नदीमुखाचा किनारा निवडताना

म्हापशात राहत असल्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडच्या आप्तांचे फोन मला दरवर्षी दिवाळीनंतर येऊ लागतात, आणि अलीकडे त्यांतले बरेचजण कळंगुट-बागा नको असे स्पष्ट सांगून, नदी जिथे समुद्राला मिळते असा एखादा शांत किनारा सुचवा म्हणतात. गोव्यात अशा जागा पुष्कळ आहेत, कारण इथल्या नद्या आखूड असल्या तरी संख्येने कमी नाहीत. तेरेखोल, शापोरा, मांडवी, साळ, तळपण, गालजीबाग अशी मुखे उत्तरेकडून दक्षिणेकडे एकामागून एक लागतात. पण शांतता आणि नदीमुख दोन्ही हवे असेल, तर माझ्या मते खरी निवड उत्तर टोकाचे केरी आणि दक्षिण टोकाचे गालजीबाग या दोन गावांतच करायची असते.

मधल्या दोन जागांबद्दल थोडक्यात सांगतो. मोरजीला शापोरा नदीचे मुख आहे, समोरच्या टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला आहे आणि टेंब भागात हिवाळ्यात समुद्रपक्षी मोठ्या संख्येने उतरतात. परंतु हॉटेले आणि वाहने इतकी वाढली आहेत की शांततेच्या शोधात आलेल्या माणसाची तिथे निराशा होते. साळ नदीच्या मुखाशी एका काठावर मोबोर आणि दुसऱ्या काठावर बेतूल आहे. बेतूलचा मासेमारी धक्का पाहण्यासारखा असला, तरी पाण्यात उतरायला किंवा निवांत बसायला ती जागा नव्हे.

केरीला जाणाऱ्यांनी प्रथम एक खातरजमा करून घ्यावी. गोव्यात केरी नावाची गावे तीन आहेत : एक पेडण्यात, एक सत्तरीत आणि एक फोंड्यात. माझा मावसभाऊ नकाशावर नुसते ‘केरी’ टाकून निघाला आणि सत्तरीच्या डोंगरात पोहोचला. वृद्ध आई-वडील गाडीत असल्याने पुन्हा तेवढा प्रवास करणे जमण्यासारखे नव्हते, आणि त्या दिवशी त्याला समुद्र दिसलाच नाही. पेडण्यातले केरी हरमलच्या उत्तरेला, म्हापशाहून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. मोपाचा विमानतळ आणि पेडण्याचे रेल्वे स्थानक दोन्ही त्याच तालुक्यात असल्यामुळे बाहेरून येणाऱ्याला ते सोयीचे पडते. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून येणाऱ्यांसाठी तर ते गोव्याच्या पहिल्या गावांतले एक म्हणता येईल.

गालजीबाग काणकोण तालुक्यात, मडगावहून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. २०१९ साली काणकोणचा मनोहर पर्रीकर बायपास सुरू झाल्यापासून वाट सोपी झाली आहे आणि त्या रस्त्यावरच्या पुलांवरून तळपण व गालजीबाग या दोन्ही नद्या दिसतात. तरीही उत्तर गोव्यात मुक्काम असणाऱ्याने हा प्रवास एका दिवसात जाऊन-येऊन करू नये. अडीच-तीन तास गाडीत काढून पोहोचेपर्यंत पाण्याची योग्य वेळ टळून गेलेली असते, आणि नदीमुखावर सगळे त्या वेळेवरच अवलंबून असते.

माझा आग्रह असा, की किनारा ठरवण्याआधी तिथी ठरवावी. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : तिथीचा आकडा पाऊणपट करावा, येईल ते उत्तर म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. यात अर्धा-पाऊण तास इकडचे तिकडे होते, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहावेच, पण सहलीचा दिवस निवडण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी चढतेही अधिक आणि उतरतेही अधिक, आणि उतरताना नदीचे व खाडीत साठलेले सगळे पाणी अरुंद मुखातून वेगाने समुद्राकडे धावते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते आणि हा ओढ बराच कमी असतो.

हे मी इतक्या बारकाईने सांगतो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका पौर्णिमेच्या संध्याकाळी मी, माझी वहिनी आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा केरीला नदीमुखापाशी उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो होतो. समोर समुद्रात सूर्य बुडत होता आणि पाठीमागे नदीच्या वरच्या अंगाला चंद्र उगवत होता. असे दृश्य नदीमुखावर पौर्णिमेलाच मिळते, आणि आम्ही तिघेही त्यात हरवून गेलो होतो. बारीक कुर्ल्यांनी बिळांभोवती मांडलेले वाळूचे वाटाण्याएवढे गोळे मुलगा मोजत बसला होता. पट्टा आणि किनारा यांच्यामध्ये जी सखल खाच होती आणि जी येताना आम्ही कोरड्या पायांनी ओलांडली होती, तिच्यात पाणी मागच्या मागे भरू लागले हे आमच्या ध्यानात आले नाही. दूर पाग (फेकायचे जाळे) टाकत असलेल्या एका गृहस्थांनी हाका मारल्या म्हणून आम्ही वळलो. परतताना पाणी माझ्या मांडीपर्यंत आले होते आणि मुलगा माझ्या खांद्यावर होता. त्या माणसाचे नाव विचारायचेही मला सुचले नाही, याची खंत आजही आहे.

केरीच्या बाजूने माझे मत झुकते ते यामुळेच. तिथे माणसांचा वावर असतो. जाळी टाकणारे, फेरीबोटीची वाट पाहणारे, सुरूच्या सावलीत बसलेले गावकरी असे कोणी ना कोणी नजरेच्या टप्प्यात असते. पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आणि त्यामुळे नदीच्या उत्तर काठावर असूनही तो भाग आज गोव्यात मोडतो. १९५४ साली गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला होता. केरीच्या धक्क्यावरून फेरीने नदी ओलांडणे हा मुलांसाठी सहलीचा सर्वांत आवडता भाग ठरतो. मात्र पूर्ण ओहोटीच्या वेळी पाणी उथळ झाल्यामुळे फेरी थांबू शकते. तेव्हा किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून वळसा घालून जाता येते, आणि त्या वाटेने रेडीच्या द्विभुज गणपतीचे दर्शनही होते. केरीची उणी बाजूही सांगितली पाहिजे : समुद्राने किनारा बराच खाल्ला आहे, सुरूची कित्येक झाडे मुळांसकट कोसळली आहेत आणि धूप रोखण्यासाठी रचलेल्या दगडांमुळे काही ठिकाणी वाळूवर उतरणे वृद्धांना अवघड जाते.

गालजीबागचे सौंदर्य अधिक अखंड आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तिथे किनाऱ्याच्या मागे सुरूची दाट रांग आहे, दक्षिण टोकाला गालजीबाग नदी वळण घेत समुद्रात शिरते, आणि उत्तरेकडची टेकडी ओलांडली की तळपणचा किनारा व दुसरे नदीमुख. एका सकाळीत दोन नद्यांची मुखे पाहता येतील अशी दुसरी जागा गोव्यात मला ठाऊक नाही. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी गोव्यात जे चार किनारे राखले आहेत (मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग), त्यांतला हा एक. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूवर येऊन शंभरेक अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडायला ४५ ते ६० दिवस लागतात. वन खाते घरट्यांभोवती कुंपण घालते. पहाटे, कोणाची पावले उमटण्याआधी गेल्यास समुद्रापासून वर आलेला आणि परत गेलेला तिचा रुंद माग कधीकधी दिसतो. त्या मागावरून चालू नये, रात्री विजेरी लावू नये, आणि गोंगाट करणारी मंडळी बरोबर असतील तर इथे येऊच नये, असे मला मनापासून वाटते. जेवणाच्या जागा मोजक्याच असल्यामुळे शाकाहारी मंडळींनी काणकोणच्या चावडी नावाच्या बाजारपेठेत खाऊन निघावे. तिथून श्रीस्थळचा मल्लिकार्जुनही जवळ आहे.

पोहण्याच्या बाबतीत मात्र दोन्हींत डावे-उजवे नाही. नदीच्या तोंडाशी कुठेच पोहू नये. पाणी संथ दिसते, पण पात्राची धार काठाला लागून असेल तिथे दोन पावलांत तळ सुटतो, आणि दर पावसाळ्यानंतर वाळूचे पट्टे जागा बदलत असल्यामुळे गेल्या वर्षीचा अनुभव कामी येत नाही. उतरायचेच असेल तर मुखापासून बरेच दूर, जीवरक्षकांना विचारून, गुडघाभर पाण्यात. जून ते सप्टेंबर या काळात तेही नको.

तेव्हा आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असतील, तर केरीला सप्तमी ते नवमीच्या दरम्यान दुपारी तीननंतर जावे. पाणी संथपणे चढत असते, ओढ कमी असतो आणि फेरी चालू असण्याची शक्यता अधिक असते. दोघे-तिघेच असाल आणि भरपूर चालायची तयारी असेल, तर आदल्या रात्री काणकोणात मुक्काम करून तृतीया किंवा चतुर्थीच्या सकाळी उजाडताच गालजीबागला पोहोचावे. आठ-नऊच्या सुमारास पाणी पूर्ण ओसरते आणि नदीच्या तोंडापर्यंत ओल्या वाळूवरून जाता येते. फक्त ओहोटी संपण्याच्या आत पाठ फिरवावी, कारण तिथे हाक मारायला कोणी नसते.