जुगार: पाप म्हणणारा महाराष्ट्र की परवाना देणारा गोवा?

कॅसिनो असावा की नसावा, या वादात आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना कधी ना कधी बाजू घ्यावीच लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. मीही मध्यंतरी एका निवेदनावर सही केली, त्यामुळे जे अजून कुंपणावर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नैतिकतेची भाषा दोन्ही सरकारं बोलतात. महाराष्ट्राचं म्हणणं, जुगार वाईट. गोव्याचं म्हणणं, आमच्या माणसाने खेळणं वाईट.

गंमत म्हणजे १९७६ साली चित्र उलटं होतं. महाराष्ट्राने त्या वर्षी कॅसिनोला वाट देणारा कायदा केला, गोव्याने जुगारबंदीचा. आपला कायदा कधी अंमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्याच्या बंदीला १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांपुरती फट पडली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोची सोय झाली, आणि आज मांडवीत काय उभं आहे ते पणजीच्या पुलावरून कुणालाही दिसतं.

महाराष्ट्राच्या बाजूने बोलायचं तर भूमिका सरळ आहे आणि तिला जुना आधार आहे. मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगून टाकलं की जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क त्याला लागू नाही. आता याच राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे आणि महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावता येतात, हा भाग वेगळा. त्याचा मला तितकासा राग नाही. सरकारं अशीच असतात.

मला खटकलं ते दुसरंच. पेपरात ठरलेली बातमी येते: जुगारबंदी कायद्याच्या कलम १२ (अ) खाली कारवाई, एवढी रोकड, चिठ्ठ्या, पेन, मुद्देमाल जप्त. पकडला जातो तो टपरीआड मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे लिहून घेणारा. बुकी कुठे तरी लांब. चार दिवसांनी त्याच टपरीआड दुसरा पोरगा बसलेला असतो. आमच्या वाडीतल्या एका वहिनींचा नवरा असाच आकड्यात अडकला. पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधीच निम्मे पैसे संपलेले. त्यांना कुणी तरी म्हणालं, तक्रार करा. त्या म्हणाल्या, "केली तर पहिला आत तोच जायचा ना?" खरंच आहे. १८८७ च्या या जुगारबंदी कायद्यात अड्डेवाल्याबरोबर अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही गुन्हेगार. पाप म्हटलं की पापी आलाच, आणि मग घरच्यांनी गप्प बसायचं. केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने निदान खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळलंय. हे शहाणपण टपरीपर्यंत कधी पोचणार, कोण जाणे.

गोवाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मांडवीतली जहाजं हलवू म्हणायचं आणि मुदतवाढ देत राहायचं, हे तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षं केलंय. मटका तिथेही जोरात आहे. शिवाय फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला कॅसिनोत खेळायला बंदी, पण बांद्याचा, बेळगावचा माणूस चालतो! शेजाऱ्याचं घर बुडालं तर चालेल, असाच त्याचा अर्थ होतो.

तरीही, माझ्यापुरतं सांगतो, त्या बंदीतच मला उपयोगाची गोष्ट दिसली. परवाना असला की दार असतं, दारावर ओळखपत्र मागता येतं, आणि अमक्याला आत सोडू नका असं सांगता येतं. सिंगापूरने हे नीट केलंय. तिथे २०१० मध्ये कॅसिनो उघडले. नागरिकांना प्रवेशासाठी शुल्क मोजावं लागतं, आणि घरचे लोक अर्ज करून त्या माणसाला प्रवेशबंदी लावून घेऊ शकतात. त्यासाठी त्याला आरोपी करावं लागत नाही. वहिनींना नेमकं हेच हवं होतं. मटक्याच्या टपरीला दारच नाही, अर्ज करायचा कुणाकडे?

ज्यांना आपल्या गावात ही वस्तू नजरेलाही नको, त्यांनी महाराष्ट्राच्या बाजूने सही करावी. त्यांची भीती मला पटते, आणि कॅसिनो आला म्हणून मटका जाईल असं मी म्हणणार नाही. मी सही केली ती परवान्याच्या बाजूने. खाली पेनाने एक मागणी मात्र वाढवली: घरच्यांच्या अर्जावर प्रवेशबंदी, आणि ती राज्य न पाहता सगळ्यांना.