सोयाबीन अनुदानाच्या केवायसीच्या नावाखाली बाबांचे ८००० गेले, मशीनवर अंगठा देण्याआधी हे वाचा

गाव लातूर जिल्ह्यातलं, नाव टाकत नाही. २०२३ च्या खरिपाचं सोयाबीन-कापसाचं अनुदान सरकारने जाहीर केलं होतं ना, हेक्टरी ५००० आणि जास्तीत जास्त २ हेक्टर, त्यातलं हे प्रकरण. आमचं सोयाबीन चार एकर म्हणजे १ हेक्टर ६० आर, ८००० बसत होते. त्या वर्षी ऑगस्टभर पावसाने दडी मारली, शेंगा भरल्याच नाहीत आणि वर भाव पडलेला, म्हणून बाबा त्या ८००० ची लई वाट बघत होते. मी पुण्यात असतो, गावी आई-बाबा दोघंच.

संमतीपत्र आणि आधारची झेरॉक्स कृषी सहायकाकडे द्यायची होती, फुकट. पण गावात एक पोरगा बाइकवर फिरायचा, गळ्यात कार्ड, बॅगेत अंगठ्याची मशीन, "काका मी करतो, हेलपाटे कशाला घालता" म्हणून माणशी ३०० घ्यायचा. फोनवर मीच बाबांना म्हणलो देऊन टाका, चक्कर वाचेल.

३० सप्टेंबर २०२४ पासून पैसे पडायला लागले. बाबांचे पण पडले होते पण आम्हाला पत्ताच नाही, कारण बँकेत दिलेला मोबाईल नंबर जुना, ते सिम कधीच बंद पडलंय, मेसेज येणार कुठून. दोन-चार दिवसांनी तो पोरगा परत आला, "काका तुमची ई-केवायसी पेंडिंग आहे, नाही केली तर अनुदान परत जाईल." बाबा रानात, काढणी चालू, हात मातीने भरलेले. त्याने अंगठा घेतला, मग रेंज नाही म्हणाला, परत लावा, मग अंगठा घेत नाही म्हणाला, दुसरं बोट लावा. असं तीनदा. पावती काही नाही. "झालं काका, आठ दिवसात पैसे येतील."

दसऱ्यानंतर मजुरांचे पैसे द्यायचे म्हणून बाबा बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं तर ८००० जमा, आणि तो रानात आला होता त्याच तारखेला ८००० काढलेले. बँकेत म्हणाले अंगठा तुमचाच आहे, आधारवरून काढलेत. बाबांनी मला फोन लावला आणि आधी बोलेचनात, मग म्हणाले "माझीच चूक झाली रे." अहो त्यांची कसली चूक, अंगठा केवायसीला लागला का पैसे काढायला हे देणाऱ्याला कळणार कसं, स्क्रीन तर त्याच्या हातात!

आधारवरून पैसे काढायला फक्त आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट लागतं, ओटीपी नाही, पिन नाही, आणि एका वेळी १०,००० पर्यंत निघतात. म्हणजे दोन हेक्टरवाल्याचं सगळं अनुदान एका अंगठ्यात साफ. हे मला आधी माहीत असतं तर मी बाबांचं बायोमेट्रिक लॉक (म्हणजे आधारवर अंगठा चालणारच नाही असं) करून ठेवलं असतं, आधारच्या ॲपवरून होतं, फुकट आहे, लागेल तेव्हा उघडता येतं. आता आई-बाबा दोघांचं केलंय आणि बँकेतला नंबर बदलून माझा दिलाय. तुमच्याही घरी गावाकडे कोणी एकटं असेल तर आजच करा, पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आणि केवायसी करतोच म्हणणाऱ्याला स्क्रीन दाखव म्हणा, तिथं रक्कम दिसली की हात मागे.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरवर, फोन केला, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, बँकेत लेखी दिलं. बँकेत म्हणाले तीन दिवसांच्या आत यायला पाहिजे होतं. आम्हाला कळलंच मुळात दसऱ्यानंतर.

गावात विचारलं तर अजून पाच जणांचं असंच निघालं, त्यातल्या एका आजींना तर वाटत होतं की आपलं अनुदान आलंच नाही. पोरगा दिवाळीपासून दिसला नाही, नंबर बंद. अर्जाची पोच बाबांनी पासबुकात घालून ठेवलीय आणि दर सोमवारी बँकेत जाऊन विचारून येतात.