खजुरी बाजारातल्या बाइंडरकडून बांधून आणलेली बाबांची वही

बाबांची कात्रणवही गेल्या महिन्यात खजुरी बाजारात एका बाइंडरकडे दिली होती. परवा घरी आणली. इंदूरमध्ये कुणाकडे जुनी वही, पोथी, कात्रणं सुटून पडत असतील, तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

वही म्हणजे लाल कापडाची लांबट खातेवही. बाबा एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहायचे. तिथली एक कोरी वही त्यांनी मागून घेतली आणि 1974 ते 1977 अशी चार वर्षं जमा-नावेच्या रकान्यांवर व्यंगचित्रं चिकटवली. बहुतेक आर. के. लक्ष्मण यांची. मुंबईचा पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचायचा, पण बाबा बातम्यांच्या आधी ते छोटं चौकोनी चित्रच बघायचे. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. लक्ष्मण यांचा तो ‘कॉमन मॅन’ कधी एक अक्षर बोलत नाही. चित्राखाली बाबा फक्त तारीख घालायचे, क्वचित कुठे ‘खरं आहे’ एवढे दोन शब्द.

पन्नास वर्षांत पानांची अगदी दशा झाली होती. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं, त्यामुळे उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. बाबांनी वापरलेल्या डिंकाचे तपकिरी डाग वेगळेच. बाइंडरदादांनी वही हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, ‘‘ताई, आधी सगळं स्कॅन करून घ्या, मग माझ्याकडे द्या.’’ या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. सुटलेली कात्रणं त्यांनी मैद्याच्या पातळ खळीने पुन्हा बसवली, फाटलेल्यांना मागून पातळ कागद लावला. पांढरा गोंद त्यांनी हाताला लागूच दिला नाही, कारण तो एकदा वाळला की कागद सोडवता येत नाही. शिलाई हाताने, जुनं लाल कापड वरून पुन्हा चढवलेलं. वही आता सपाट उघडते. एकूण 1,850 रुपये झाले, आणि मला ते जास्त वाटले नाहीत.

या वहीतलं एक पान मला जन्मभर पुरलं आहे. अबू अब्राहम यांचं चित्र, 10 डिसेंबर 1975 च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मधलं. दिल्लीत नोकरीला असलेल्या काकांनी ते आणून दिलं होतं. राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसलेत आणि दाराच्या फटीतून आलेल्या हातात सही केलेला कागद परत देतायत. आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, असं म्हणतायत. मी सात वर्षांची होते. ‘‘आंघोळ करताना सही का करतायत?’’ असं मी विचारलं. बाबांनी आधी खिडकी लावून घेतली, मग मला अध्यादेश म्हणजे काय ते सांगितलं. संसद भरलेली नसताना सरकारला घाई असेल तर राष्ट्रपतींच्या सहीने कायदा निघतो. पण सही करणाऱ्याने कागद वाचायला हवा, अंग तरी पुसायला हवं. आणीबाणी या शब्दाने मोठी माणसं का गप्प होतात, हे मला त्या टबामुळे कळलं. पेढीवर बाबा या विषयावर चकार शब्द काढत नसत. पण आपल्याला जे दिसतंय ते दिल्लीत बसलेल्या एका माणसालाही दिसतंय आणि त्याने ते काढलंय, याचा त्यांना केवढा आधार होता! तो आधार त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे.

2020 च्या एप्रिलमध्ये ही वही दुसऱ्यांदा कामाला आली. लोकमान्य नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते, पेपर बंद होता, बाबा तर आधीच गेलेले. आईने बोलणंच सोडलं होतं. एक दिवस तिने स्वतः वही मागितली. टंचाईवरच्या एका चित्रापाशी थांबली आणि रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी येऊन पोळ्या लाटल्याची गोष्ट सांगायला लागली. ‘‘तेव्हाही वाटायचं, हे काही संपत नाही गं.’’ त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली. माझ्यासाठी व्यंगचित्राची किंमत तेव्हापासून ही आहे.

आता तक्रारी. आठ दिवसांचा वायदा होता, तीन आठवडे लागले. ते एक वेळ सोडून देते. पण कडा सारख्या करण्यासाठी वही न विचारता कटिंग मशीनखाली घातली, आणि 1976 च्या सहा पानांवर बाबांच्या हाताच्या तारखा अर्ध्या कापल्या गेल्या. मला रडू आलं. दादांनी चूक कबूल केली, दोनशे रुपये कमी केले. पण ते अक्षर परत येणार नाही. म्हणून सांगते, वही देताना पहिल्या पानावर चिठ्ठी लावा: कडा कापू नयेत. पाचपैकी चार तारे देते. पाचवा तिथेच गेला.

आणखी एक राहिलं. मधोमध आठ पानं कोरी आहेत. 31 ऑगस्ट 1975 ला ‘शंकर्स वीकली’ या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचा शेवटचा अंक निघाला, हुकूमशाहीला हसू परवडत नाही असं ते काढणाऱ्या व्यंगचित्रकार शंकर यांनी त्यात लिहिलं. बाबांची कोरी पानं त्याच्या पुढच्या पानापासून सुरू होतात. चित्र नाही, फक्त तारखा. वही जाड होतेय म्हणून दादांनी फोन करून विचारलं होतं, ‘‘ताई, ही रिकामी पानं काढून टाकू का?’’ मी नको म्हटलं. ती आठही पानं त्यांनी बाकीच्यांइतक्याच घट्ट शिवून दिली आहेत.