खपली धरू द्यावी की जखम ओलसर ठेवावी?

गुडघा खरचटला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "उघडं ठेव, वारं लागू दे." वारं लागतं, खपली धरते आणि जखम भरली असं आपण समजतो. पण खपली म्हणजे वाळलेलं झाकण. नव्या त्वचेच्या पेशींना तिच्याखालून, ओल शोधत पुढे सरकावं लागतं.

१९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर उथळ जखमा करून उघडी ठेवणं आणि झाकून ओलसर ठेवणं, या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. प्लास्टिकच्या पातळ पडद्याखालच्या जखमांवर त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चढली.

खोल जखमेत खरी मजा तळाशी असते. तिथे ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या केशवाहिन्यांना, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना, कोंब फुटतात. ड्रेसिंग बदलताना दिसणारा लालबुंद, दाणेदार, जरा धक्का लागला की रक्त येणारा थर तो हाच. नर्स म्हणतात, "मांस छान भरतंय." कोरडं गॉज चिकटलं असेल, तर ओढताना हे कोवळं जाळंच उपटून येतं. ओल्या पट्टीखाली ते शाबूत राहतं.

माझं मत ओलाव्याच्या बाजूने. मात्र पू झालेली जखम घट्ट बंद करू नये. रक्तपुरवठा तुटून काळं, कोरडं पडलेलं बोट तर डॉक्टर बहुधा कोरडंच ठेवतात. मधुमेहींच्या पायात हे कोंब मुळातच कमी फुटतात. तिथे पट्टी निवडण्याआधी पायाचा रक्तप्रवाह तपासून घ्या.