टोप्या आल्या, माणसं आली नाहीत

गेल्या आषाढीच्या वारीतले कॅमेऱ्याच्या फिल्मचे सहा रोल मी धुतले आणि वाळायला टांगले. दिव्याकडे धरून पाहिलं, तर दिवे घाटात पांढऱ्या टोप्या तरंगत होत्या, निगेटिव्हवर काळ्या होऊन. टोप्यांखाली चेहरे नव्हते. धोतरं होती, पाय नव्हते. पताका तर नव्हत्याच. बाकी सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ.

हे कसं झालं ते सविस्तर लिहितेय, कारण ज्या माणसाने मला हे रोल विकले, त्याच्याचकडून माझ्या ओळखीतले आणखी दोघं रोल घेऊन बसले होते आणि दोघंही गप्प होते. गप्प का, तेही पुढे येईल.

आमच्या अण्णांचा कराडला स्टुडिओ होता. पूर्व जर्मनीच्या ओर्वोचा एनपी २२ नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्याचा इंदू, हे तेव्हाचे ब्लॅक अँड व्हाईट रोल, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळायचे. पूर्व जर्मनी गेला, उटीचा कारखानाही बंद पडला. (कुणी 'ताजा इंदू' विकत असेल तर पुढचं बोलणं ऐकायचीही गरज नाही.) मी पुन्हा फिल्मकडे वळले तोवर कोडॅकचं २०१२ मधलं दिवाळं होऊन गेलं होतं. फुजीने २०१८ मध्ये आपला शेवटचा ब्लॅक अँड व्हाईट रोल थांबवला, पुढच्या वर्षी नव्या रूपात परत आणला. आपल्याकडे इल्फोर्ड कंपनीचा एचपी-फाइव्ह हा ब्लॅक अँड व्हाईट रोल येतो, पण कधी येतो, कधी संपतो, काही नेम नाही. कॉलेजातली पोरं जुने कॅमेरे घेऊन फिरायला लागल्यापासून तर माल आला रे आला की उडतो. म्हणून आमच्यासारख्यांना साठवायची सवय लागलेली. फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे रोल.

ही हाव त्या माणसाला नीट ठाऊक होती.

मे महिन्यात एका ओळखीच्याकडून त्याचा नंबर मिळाला. बोलणं अगदी गोड. "ताई, आधी तीनच घ्या, वापरून बघा, मग बोलू." तीन घेतले. तिन्ही अस्सल निघाले, कडेला कंपनीचं नाव, फ्रेमचे आकडे, सगळं जागच्या जागी. मग म्हणाला, वीस घेत असाल तर ५२० ला एक लावतो. दुकानात तेव्हा आठशे-नऊशेच्या खाली बात नव्हती. वारी तोंडावर होती. मी १०,४०० रुपये मोबाइलवरून पाठवून मोकळी झाले.

रोल आले ते खोक्यांशिवाय, नुसत्या प्लास्टिकच्या डब्यांत. विचारलं तर म्हणाला, पन्नासच्या व्यावसायिक पॅकमधले आहेत, त्यात सुटी खोकी नसतात. हे खरं आहे, असे पॅक असतात. त्याच्या थापांमध्ये अशी एखादी खरी गोष्ट पेरलेली असायची, आणि मला जेवढं माहीत होतं तेवढीच ती असायची. आतली लोखंडी कॅसेटही अस्सल होती, छपाईसकट. लीडर, म्हणजे फिल्मचं कॅसेटबाहेर राहणारं टोक, मात्र कात्रीने कापल्यासारखा थोडा वाकडा दिसला. दिसला, आणि मी सोडून दिला.

पुण्याहून सासवडपर्यंत चालले. पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगणही मिळालं. सहा रोल संपवले.

धुताना पहिल्याच रोलला, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून फिल्म स्पायरलवर, म्हणजे धुण्याच्या चक्रीवर, चढवताना, शेवटी कॅसेटच्या तोंडाबाहेर चिकटपट्टी बोटाला लागली. तिथे ती कधी नसते. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अंधारात, घामाने ओल्या हातांनी काम चाललेलं असताना माणूस विचार करत नाही, उरकतो. डी-७६ हा डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, पाण्याशी एकास एक, बर्फाचे खडे घालून पाणी २० अंशांवर आणलेलं, ११ मिनिटं. रोजचंच गणित.

आणि निघालं ते वर सांगितलं.

पहिला संशय मला माझाच आला. डेव्हलपर जुना झाला असेल. उजेड मोजायचा मीटर बिघडला असेल. पिशवी उन्हात राहिली असेल. त्याला फोन केला तर त्याने हेच सगळं माझ्याच तोंडचं उचलून मला ऐकवलं, वर म्हणाला, "ताई, हाताने धुण्यात असं होतंच." मी चक्क माफी मागितली त्याची! या धंद्यातली खरी मेख ही आहे. फिल्मवर फोटो येईपर्यंत इतक्या ठिकाणी चुका होऊ शकतात की फसलेला माणूस आधी स्वतःचंच पाप शोधतो. ते दोघं गप्प होते ते याच लाजेपायी.

उलगडा केला आमच्या सोसायटीतल्या काकांनी. मुंबईत सिनेमाच्या लॅबमध्ये त्यांची पंचवीस वर्षं गेली. त्यांनी निगेटिव्हचा तुकडा घेतला, दोन्ही हातांनी ओढला, फाडायचा प्रयत्न केला आणि हसले. "ही साउंड निगेटिव्ह आहे गं."

पडद्यावरचा सिनेमा फिल्मवर होता तोवर त्याचा आवाज प्रिंटच्या कडेला एका पट्टीत छापलेला असायचा. त्यासाठी वेगळी निगेटिव्ह लागायची आणि सिनेमा कितीही रंगीत असला तरी ती ब्लॅक अँड व्हाईटच. थिएटरं डिजिटल झाली, लॅब बंद पडल्या आणि उरलेले डबे भंगारात गेले. ही फिल्म माणसांचे चेहरे टिपायला बनलेलीच नाही. कॉन्ट्रास्ट कडक आणि वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, अगदी कमी, काकांच्या अंदाजाने फार तर २५. मी ती ४०० वेगाची समजून चालवली, म्हणजे चार स्टॉप कमी, हवा त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उजेड. सगळ्यात पांढरं होतं तेवढंच उमटलं.

कॅसेटचं गूढही काकांनीच सोडवलं. लॅबवाले रोल धुताना फिल्म बाहेर ओढून कापतात आणि रिकामी कॅसेट टोपलीत टाकतात. तिच्या तोंडातून दोन बोटं फिल्म डोकावत असते. त्या शेपटाला अंधारात दुसरी फिल्म चिकटवायची आणि उलटी गुंडाळायची की झाला नवा रोल, कंपनीच्या कपड्यात. हजार फुटांच्या एका डब्यातून एकशेऐंशीच्या आसपास रोल निघतात. ५२० ने गुणून बघा.

भरलेले रोल विकणं हा गुन्हा नाही, हे मुद्दाम सांगते. मी स्वतः एका मुलाकडून घेते, तो साध्या कॅसेटवर कोणती फिल्म आहे आणि किती वेगाने चालवायची हे हाताने लिहून देतो. त्याचे रोल स्वस्त आणि चांगले असतात.

आता नव्या माणसाकडून माल आला की मी आधी एक रोल बळी देते. पाचसहा फ्रेम काढायच्या, अंधारात तेवढाच तुकडा कापून धुवायचा. कडेला नाव आणि आकडे आले पाहिजेत. लीडरचं टोक काळंभोर झालं आणि बाकी कोरं राहिलं, तर तुमच्या डेव्हलपरला दोष देऊ नका. आणि लीडरचं टोक फाडून बघायचं. एचपी-फाइव्ह, कोडॅकच्या ट्राय-एक्ससारख्या ३५ मिमी रोलची फिल्म ॲसिटेटची असते, हाताने टर्रकन फाटते. ही साउंड निगेटिव्ह पॉलिएस्टरची, दात लावले तरी फाटत नाही. शिवाय ती कॅमेऱ्यात अडकली तर फिल्म तुटत नाही, गिअर तुटतो. नमुन्याचे रोल आणि पुढचा माल एकच समजू नका, नमुना हा गळाचा गांडूळ असतो.

मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे पाठवून दीड महिना होऊन गेला होता, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पहिल्या काही तासांत फिरवला तर उपयोग. मी तो वेळ स्वतःची थर्मामीटर तपासण्यात घालवला.

परवा एक कॉलेजचा मुलगा घरी आला, डी-७६ कसा कालवायचा ते विचारायला. रात्रीच्या गाडीने मित्रांबरोबर हंपीला निघाला होता. पाच रोल मिळालेत, म्हणाला, अगदी स्वस्तात, आणि आधीचे दोन मस्त निघाले होते. खिशातून एक काढून दाखवला. मी लीडरचं टोक दोन चिमटींत धरलं आणि ओढलं. फाटलं नाही.